वाचायचे दात

माझा नवरा दात करतो. पाडत नाही, कोरत नाही, नुसते करतो. डॉक्टरबाई पुढच्या खोलीत माप घेतात आणि हा मागच्या खोलीत बसून कवळ्या घडवतो. आधी प्लास्टरचा साचा, त्यावर गुलाबी मेण, मेणात एकेक दात रोवायचा, मग मेण वितळवून त्याच्या जागी पक्का माल भरायचा आणि शेवटी पॉलिश. पॉलिशमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नाही. कवळी उलटी करून धरली तर जीभ लागते त्या बाजूला आपलं तोंड दिसतं, असं डॉक्टरबाई सांगतात. गल्लीत त्याला सगळे 'बत्तिशी' म्हणतात. तो रागावत नाही, उलट दात काढतो. स्वतःचेच.

हा माणूस बोलणाऱ्याच्या डोळ्यांत बघत नाही, दातांत बघतो. लग्नाआधी आम्ही पहिल्यांदा भेटलो तेव्हा माझा वरचा एक सुळा जरा पुढे आहे हे त्याने मला सांगितलं होतं. मी म्हटलं, घोडी घ्यायला आलायस का? तेव्हा मी त्याला 'अहो' म्हणायला हवं होतं म्हणे. मी 'अरे'वरून सुरुवात केली आणि तिथेच राहिले.

दुसरी खोड म्हणजे प्रश्न. इतरांना झोप येते तशी याला शंका येते. माणूस जांभई देताना 'म' का म्हणू शकत नाही, शिट्टी दातांनी वाजते की ओठांनी, बहिऱ्या माणसाला स्वतःचं चावणं ऐकू येतं का. उत्तर मिळेपर्यंत समोरच्याची सुटका नसते आणि समोर बहुतेक वेळा मी असते.

एवढ्या प्रश्नांच्या माणसाला अरबी मात्र वाचता येत नव्हतं. ज्या वयात बाकीची मुलं बगलेत पुस्तक मारून कुराण शिकायला जायची, त्या वयात हा वडिलांच्या हाताखाली प्लास्टर कालवत होता, कारण वडिलांचा हात थरथरायला लागला होता. नमाजेपुरत्या दोन-चार छोट्या सूरा, म्हणजे कुराणातले अध्याय, त्याने ऐकून ऐकून पाठ केल्या होत्या. त्या कशा, तर आगगाडीच्या डब्यात बाहेरची पाटी न वाचता बसावं तशा. मी लहानपणी कुराण पूर्ण वाचलेलं आहे आणि वाचतेही भरभर. हे मी त्याला अधूनमधून ऐकवत असे. बायकोने काय काय ऐकवायचं नाही, असा काही नियम नाही.

तर एके दिवशी दुपारी आपा दवाखान्याच्या मागच्या खोलीत आल्या. आपा म्हणजे मोठी बहीण, पण या बाई सगळ्या वस्तीच्याच आपा. स्वतःच्या घरातल्या पुढच्या खोलीत त्या मुलांना कुराण वाचायला शिकवायच्या, आणि आजच्या मुलांच्या आयाही त्यांच्याकडेच शिकलेल्या. हिरड्यांच्या दुखण्याने त्यांचे दात गेले होते आणि माझ्या नवऱ्याने त्यांची कवळी करून दिली होती. मी त्याचा डबा घेऊन गेले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर घडलं.

आपांनी पिशवीतून कवळीची डबी काढली आणि मेणाच्या पसाऱ्यात ठेवली.

"या दातांनी खाता येतं," त्या म्हणाल्या. "वाचता येत नाही."

"चष्म्याचं दुकान समोर आहे, आपा," हा म्हणाला आणि हसला.

आपा हसल्या नाहीत. त्यांनी पाठ फिरवून कवळी चढवली, वळल्या, आणि हळू आवाजात दोन शब्द म्हणाल्या. मी ओळखले. एका छोट्या सूरेचे पहिले दोन शब्द, 'इज़ा जाअ'. पण ते आपांच्या तोंडून आल्यासारखे वाटले नाहीत. तोंडात गरम घास धरून कोणी बोलावं तसे आले.

"कुठलं अक्षर अडतंय?" त्याने विचारलं.

आपांनी ते अक्षर एकटं उच्चारलं.

"ज," हा म्हणाला. "आलं की."

"हे नाही." त्यांनी पुन्हा उच्चारलं.

"ज," हा पुन्हा म्हणाला.

आपा स्टुलावर बसल्या. स्कार्फचं टोक तोंडावर धरून, कवळी काढून हातात घेतली. मग जे म्हणाल्या ते दातांशिवाय म्हणाल्या, त्यामुळे आम्हाला वाकून ऐकावं लागलं. "मी मुलांना तोंडाने शिकवते. पुस्तक नुसतं साक्षीला असतं. माझ्या तोंडून वाकडं अक्षर त्यांच्या कानात गेलं, तर उद्या ते त्यांच्या मुलांच्या कानात जाणार. त्यापेक्षा मी गप्प बसते. दात गेल्यापासून मोठ्याने वाचलेलं नाही, घरात एकटी असतानाही नाही. आता शाळेच्या सुट्ट्या आहेत तोवर बघते. नाही जमलं, तर वर्ग बंद करते आणि मुलांना दुसरीकडे पाठवते."

"नुसतं एका अक्षरासाठी?" मी विचारलं. माझ्या जिभेला हाड नाही.

"अक्षरासाठीच तर वर्ग असतो," त्या म्हणाल्या.

त्या डबी ठेवून गेल्यावर याने कवळी उलटीसुलटी करून पाहिली. डॉक्टरबाई म्हणाल्या, खाता येतं, बोलता येतं, वयाच्या मानाने फार छान बसली आहे, जाऊ दे. पण जाऊ देणं त्याच्या रक्तात नाही. तो मला म्हणाला, "माझे दात चुकलेत आणि कुठे चुकलेत ते मला ऐकूच येत नाही." त्याला खरंच वाईट वाटलं होतं, आणि मी डबा तसाच परत घरी नेला.

त्या संध्याकाळपासून माझ्या हालांना सुरुवात झाली. मला खिडकीशी बसवून, तोंडात टॉर्च मारून त्याने ते अक्षर म्हणायला लावलं. मी म्हटलं. पुन्हा म्हटलं. मग माझं अक्षर घोकत घोकत तो आपांच्या दारात गेला आणि म्हणून दाखवलं. परत आला तो पडलेल्या चेहऱ्याने.

"आपा म्हणतात, हा तर 'जग' शब्दातला ज. हे कुणाकडून शिकलास?"

"मग काय सांगितलंस?"

"बायकोकडून म्हटलं."

जेवण त्याला वाढलं, पण आपटून वाढलं.

मोबाइलवर त्याने नामवंत वाचणाऱ्यांचं वाचन ऐकलं. कान तृप्त झाले, पण जीभ दिसेना. मशिदीतल्या इमामांकडे गेला. त्यांनी आनंदाने वाचून दाखवलं, समजावूनही सांगितलं, पण इमामांना 'आ करा' कसं म्हणणार? आणि मुळात दात बसवायचे होते आपांच्या तोंडात, इमामांच्या नाही. आपांचं अक्षर आपांच्याच तोंडून ऐकायला हवं. ते ऐकायला आपांना दात हवेत, आणि दात करायला ते अक्षर ऐकायला हवं. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातली गत. शेवटी त्याने ठरवलं की आपण शिकायचंच. अक्षर ऐकू येत नसेल तर ते आपल्या तोंडातून काढून बघायचं.

आपांनी अट घातली. "एका अक्षरासाठी यायचं नाही. हे काही न्हाव्याचं दुकान नाही. शिकायचं तर पहिल्या अक्षरापासून. आणि बायकोला सोबत आण."

"मला येतं," मी सांगितलं.

"म्हणूनच," आपा म्हणाल्या.

आपांची पुढची खोली मोठी नव्हती. दाराबाहेर लहान लहान चपलांचा ढीग, आत सतरंजी, एका बाजूला कापडाने झाकलेलं शिलाई मशीन, खिडकीत वाळत घातलेले फडके. मधोमध रिहल, म्हणजे पुस्तक ठेवायची लाकडी घडीची चौकट. तिच्यामागे आपा, स्कार्फचं टोक तोंडावर. माझा नवरा मुलांच्या रांगेत मांडी घालून बसला तर सगळ्यांच्या डोक्यावरून त्याचं टक्कल दिसायचं. मुलांना आधी वाटलं की इन्स्पेक्टर आलाय.

आपांची शिकवण्याची रीत आता अशी होती. मूल वाचायचं, आपा ऐकायच्या. चूक झाली की बोटातली अंगठी रिहलच्या कडेवर वाजवायच्या. टक्. बरोबर असेल तर काही नाही. शाबासकी नाही, मान डोलावणं नाही, नुसती शांतता. पूर्वी त्या टक् झाल्यावर स्वतः वाचून दाखवत. आता फक्त टक् उरलं होतं, आणि मूल अंधारात चाचपडल्यासारखं दुसरं काहीतरी म्हणून बघायचं. नव्या मुलांनी तर आपांचा वाचनाचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. त्यांना अंगठीचाच आवाज आपांचा वाटत असणार.

मी आपली सहज म्हणून वाचायला बसले. पहिल्या ओळीला टक्, दुसऱ्या ओळीला दोनदा टक्. माझं भरभर वाचणं म्हणजे भरभर चुकणं होतं, हे मला त्या वयात कळलं. मला राग आला. अजूनही थोडा आहे.

याची तर वेगळीच तऱ्हा. अक्षरं ओळखायला वेळ लागणार, आणि सुट्ट्या तर पळत होत्या. म्हणून मी ती छोटी सूरा त्याला प्लास्टरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर आपल्या मराठी लिपीत लिहून दिली. दोन दिवस तो ती घोकत होता. मग वर्गात उभा राहिला, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात सुरू झाला, "इजा जा..."

"बिजा, तिजा!" मागून कोणीतरी म्हणालं, आणि सगळी सतरंजी हसून लोळली. आता मराठी मुलांसमोर 'इजा' म्हटल्यावर दुसरं काय होणार? टक् टक् टक्. आपांनी हात पुढे करून पुठ्ठा मागितला, वाचला, त्याची नीट घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या शिलाई मशीनच्या पायाखाली सरकवली.

"याचा हा उपयोग," त्या म्हणाल्या. मशीन खरंच डुगडुगायचं थांबलं.

मग त्यांनी याला जवळ बोलावलं. "तुझ्या कामातले दोन शब्द सांगते. जीभ. जबडा. म्हण."

"जीभ. जबडा."

"दोन्हीत ज एकच का?"

याने दोन्ही शब्द पुन्हा म्हणून बघितले. दिवसातून शंभरदा तो हे दोन शब्द बोलतो. ज लिहायला एक आहे, पण जिभेतला वेगळा आणि जबड्यातला वेगळा, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. आपण जन्मभर दोन अक्षरं एकाच कपड्यात फिरवतो आणि आपल्याला पत्ता नसतो.

"अरबीत तुमच्या या एका ज ची पाच अक्षरं होतात," आपा म्हणाल्या. "'जाअ'मधला जिभेतला. जीभ मधूनच वर टाळूला भिडते. आणि 'इज़ा'मधला तुमच्याकडे नाहीच, ना जिभेत ना जबड्यात. त्याला जिभेचं टोक वरच्या दाताच्या कडेवर उभं राहतं, जसं आपण उंबरठ्यावर उभे राहतो. आत नाही, बाहेर नाही."

"याचा अर्थ काय, आपा? इज़ा जाअ?"

"'इज़ा' म्हणजे जेव्हा. 'जाअ' म्हणजे आलं. जेव्हा मदत आली, असं आहे पुढे. अल्लाहची मदत."

"जा म्हणजे आलं?" हा हसायला लागला. "मग गेलं असेल तर काय म्हणतात?"

"तू माझ्या घरातून निघताना काय म्हणतोस?"

"येतो."

"मग! जाताना येतो म्हणणाऱ्याने हसू नये."

त्या दिवशी रस्ताभर तो जीभ, जबडा, जीभ, जबडा करत चालला. समोरून येणाऱ्या भाजीवालीने मला खुणेने विचारलं, बरं आहे ना यांचं? मी म्हटलं, अजून बरं होतंय.

त्यानंतर घराची प्रयोगशाळा झाली. त्याने माझ्या टाळूच्या मापाची एक पातळ चकती केली, तिला कोरड्या कणकेचा हात फिरवला आणि ती मला तोंडात घालून एकेक अक्षर म्हणायला लावलं. म्हटलं की लगेच चकती बाहेर. जीभ जिथे टेकली तिथली कणीक पुसली गेलेली असायची. जबड्यातल्या ज ची खूण पुढे, जिभेतल्या ज ची जरा मागे आणि रुंद. उंबरठ्यावरच्या अक्षराची चकतीवर खूणच नाही, कारण ते दाताच्या कडेवर. तो त्या खुणा भिंगातून बघायचा आणि इतका खूश व्हायचा की मला राग गिळावा लागायचा. मध्येच मी विचारलं, "कणीक गिळली तर चालते का?" तो म्हणाला, "मीठ घालू का?"

अक्षरंही हळूहळू ओळखीची झाली. दुकानाची पाटी वाचायला शिकलेल्या मुलासारखा तो पुस्तकात कुठेही बोट ठेवून विचारायचा, हे तेच ना, ठिपकेवालं? रोज वर्गात 'इज़ा' म्हणायचा आणि रोज टक् व्हायचं. जीभ फार बाहेर आली, टक्. फार आत राहिली, टक्. एकदा जीभ चावली, तेव्हाही टक्. आणि मग एका संध्याकाळी त्याने म्हटलं आणि काही झालं नाही. तो थांबला. त्याला वाटलं आपांचं लक्ष नाही. पुन्हा म्हटलं. काही नाही. मुलांनीसुद्धा माना वर केल्या. आपांचं बोट रिहलवर तसंच होतं.

घरी येताना तो वाटेतच थांबला. मग म्हणाला, "मला ऐकू आलं. माझ्याच तोंडातून ऐकू आलं." त्याचा तो चेहरा बघून मला एवढा आनंद झाला की मी त्याला चिडवायचं विसरले.

आता त्याने आपांची कवळी नव्याने मांडली. पुढचे दात खालच्यावर फार उतरले होते, जिभेला उंबरठ्यावर यायला फटच नव्हती. ते त्याने वर उचलले, केसभर पुढे घेतले. सुट्ट्या संपायला थोडेच दिवस उरले होते. वर्ग सुटल्यावर आम्ही आपांकडे गेलो. त्यांनी कवळी चढवली, डोळे मिटले आणि म्हटलं, "इज़ा जाअ."

"वा!" मी म्हटलं. "आलं की, आपा!"

आपांनी डोळे उघडले, पण माझ्याकडे बघितलं नाही. "नव्या कवळीत स्वतःचा आवाज परका लागतो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माझ्या कानावर माझा भरवसा नाही. तू सांग."

आणि या माणसाने काय करावं? हात लांब करून, बोटाचं पेर रिहलच्या कडेवर वाजवलं. टक्.

मी त्याला असा चिमटा काढला की दुसरा असता तर ओरडला असता. कालपर्यंत अलिफ, म्हणजे पहिलं अक्षरही ओळखत नव्हता तो आपांना टक् करतोय!

"कुठे?" आपांनी विचारलं.

"पहिलं आलं, आपा. उंबरठ्यावर बरोबर उभं राहिलं. दुसरं घसरलं. 'जाअ' जिभेतला हवा, तो जबड्यातला आला."

आपांनी पुन्हा म्हटलं. त्याने पुन्हा वाजवलं. आपांनी कवळी काढली, डबीत ठेवली, स्कार्फ तोंडावर घेतला. मला वाटलं, झालं, आता वर्गही गेला आणि आमचं येणंही गेलं.

"बरोबर जागी वाजवलंस," स्कार्फमागून आवाज आला. "पण आता सुट्ट्या संपल्यात. परवा शाळा सुरू. मी मुलांना बोलावून सांगणार आहे."

"परवापर्यंत आहे ना वेळ?"

"आहे," त्या म्हणाल्या, पण आवाजात उमेद नव्हती. याने डबी उचलून घेतली.

दुसऱ्या दिवशी तो कामावरून जेवायला घरी आला तो तसाच बसून राहिला. का घसरतं? जागा बरोबर, उंची बरोबर, जिभेची खूण माझ्या चकतीवरही बरोबर तिथेच. मग घसरतं का? मी समोर बसून टाळूला चिकटलेली चकतीवरची कणीक जिभेने काढत होते. त्याने एकदम विचारलं, "काय करतेस?"

"तुझी कृपा. वळ्यांत अडकलीये."

"कसल्या वळ्या?"

"टाळूच्या. दातांच्या मागे असतात तशा. जीभ लावून बघ, खरखरीत लागतं."

त्याने जीभ लावली. मग हळूच डोक्याला हात लावला. "मी त्या पॉलिश केल्या," तो म्हणाला. "अगं, मी आपांचा टाळू आरसा केला. जीभ टेकायला जाते आणि तिला कळतच नाही कुठे टेकायचं. घसरणार नाहीतर काय!"

ज्या पॉलिशवर गल्लीभर नाव, तेच आडवं आलं होतं. जेवण टाकून तो पळाला. संध्याकाळी मी दवाखान्याच्या मागे गेले तेव्हा फळीवरच्या जुन्या साच्यांतून त्याने आपांच्या टाळूचा साचा शोधून काढला होता, दात गेल्यावर घेतलेला. त्यावर आपांच्या स्वतःच्या वळ्या जशाच्या तशा उमटलेल्या होत्या. त्या बघत बघत तो गुळगुळीत कवळीच्या जिभेकडच्या बाजूला मेणाने एकेक वळी उठवत होता. आरसा सगळा खरवडून निघाला होता. एरवी कवळीला बारीक चरा गेला तर याला घास गोड लागत नाही. त्या दिवशी स्वतःच्या हाताने ओरखडत होता, आणि गुणगुणत होता.

शाळेच्या पहिल्या दिवशी संध्याकाळी मुलं आली. आपांनी त्यांना सांगायचे शब्द बहुधा ठरवले असावेत, कारण पुस्तकं उघडायला सांगितलं नव्हतं. आम्ही दारातच थांबलो. याने डबी पुढे केली.

"इजा झाला, बिजा झाला," आपा म्हणाल्या. त्यांच्या तोंडी ती पहिली थट्टा मी ऐकली. "आता तिजा."

पाठ फिरवून त्यांनी कवळी चढवली. थोडा वेळ वळल्याच नाहीत. मागून स्कार्फ हलत होता, त्या आत जिभेने चाचपत असणार. मग वळल्या, रिहलमागे बसल्या आणि याला समोर बसायची खूण केली. हा बसला. बोटाचं पेर रिहलच्या कडेवर ठेवलं. मुलं पुढे सरकली. दुसरीकडे जायचं आहे हे त्यांना कळलंच होतं, घरी सगळं कळतं.

आपांनी स्कार्फचं टोक तोंडावरून खाली केलं.

आणि त्यांनी वाचलं. दोन शब्द नाही, ती सगळी छोटी सूरा, शेवटपर्यंत. आवाज म्हातारा होता, मध्ये एकदा श्वास पुरला नाही. पण एकेक अक्षर आपापल्या जागेवर पाय रोवून उभं होतं. मी ते शब्द हजार वेळा म्हटले असतील, भरभर. त्यांत एवढी जागा आहे हे मला माहीत नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत. पुढच्या रांगेतली एक मुलगी तोंड उघडं टाकून आपांच्या तोंडाकडे बघत होती.

माझं लक्ष याच्या बोटावर होतं. ते हललं नाही.

वाचून झालं. आपा याच्याकडे बघत राहिल्या. त्यांना ऐकायचं होतं. स्वतःच्या कानावर भरवसा नव्हता, हे त्यांनी सांगितलेलंच होतं. पण याची दातखीळ बसली होती. दिवसभर बडबड करणारा माणूस, प्रश्नांचं पोतं, आणि आता एक शब्द फुटेना. आपांच्या भुवया वर गेल्या.

"आलं का?" त्यांनी विचारलं.

याने मान वर केली. मग जीभ मधूनच उचलून टाळूला भिडवली आणि म्हणाला, "जाअ."

"कुठे जा?" मागच्या रांगेतून कोणीतरी विचारलं.

कोणी हसलं नाही. आपांचा हात सवयीने रिहलकडे आला होता आणि अंगठीचं बोट कडेच्या वर थांबलं होतं. मी वाट बघत होते. टक् झालं नाही.

मग त्या मुलांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "पुस्तकं उघडा. माझ्यामागे म्हणा."